नाशा म्हणजे आमची

रशियातल्या उफा शहरात आमच्या वसतिगृहाच्या दाराशी काचेची एक खोली होती. आत टेबल, किल्ल्यांचा फळा, चहाची किटली, खरखरणारा जुना रेडिओ आणि आपा. दारावर बसणाऱ्या बाईला रशियन भाषेत वाख्त्योर्शा म्हणतात. पण आमच्या वाख्त्योर्शा तातार होत्या, आणि तातार लोक वयाने मोठ्या बाईला आपा म्हणतात. बार्शीला आमच्या शेजारच्या घरातही थोरल्या बहिणीला आपाच म्हणायचे. रशियात गेल्यावर मला शिकावा न लागलेला तो पहिला शब्द.

२०१४ चा नोव्हेंबर होता. मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला. बाहेरून आले की बुटांना लागलेला बर्फ झटकायचा, बूट रेडिएटरजवळ ठेवायचे आणि पायात ऊब येईपर्यंत आपांच्या खोलीशी उभं राहायचं, असा माझा रोजचा क्रम. त्या संध्याकाळी रेडिओवर एक बाई गात होती. आवाज गोड म्हणावा असा नव्हता. त्याला किंचित कड होती, जशी नव्या मातीच्या भांड्याच्या काठाला असते. ओळ संपताना तो एकदम वर चढायचा आणि तिथेच सोडून द्यायचा. मला शब्द कळत नव्हते, तरी मी बूट हातात धरून गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिले. मग मोडक्यातोडक्या रशियनमध्ये विचारलं, हे कोण? आपांनी विणकामातून मान वर न करता एकच शब्द उच्चारला, ‘नाशा.’

मी वहीत गायिकेचं नाव लिहून घेतलं : नाशा. दोन दिवस नेटवर शोधलं. तिसऱ्या दिवशी रशियन शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, तेव्हा त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं. नाश म्हणजे आमचा, नाशा म्हणजे आमची, नाशे म्हणजे आमचं. गायिकेचं नाव झेमफिरा.

झेमफिरा रमाझानोवा. जन्म २६ ऑगस्ट १९७६, गाव उफा. मॉस्कोच्या पूर्वेला हजार किलोमीटरहून जास्त दूर, उरल पर्वताच्या अलीकडे, बेलाया नदीच्या काठावरचं हे बाश्कोर्तोस्तानचं मुख्य शहर. मध आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी ते रशियात ओळखलं जातं. आमच्याकडे मात्र ‘तिकडे कमी पैशात डॉक्टर होता येतं’ एवढीच त्याची ओळख. महाराष्ट्रातून तिथे दर वर्षी मुलं-मुली जातात. मी निघाले तेव्हा बाबा कर्ज काढत होते, आणि नात्यातल्या एका आजोबांनी आमच्या ओसरीवर बसून त्यांना विचारलं होतं, ‘परक्याचं धन ते, त्यावर एवढा पैसा?’ बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी कागदावर सही केली. तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर विमानात बसला.

झेमफिराचं घरही तसं साधंच. तातार कुटुंब, वडील शाळेत इतिहास शिकवायचे, आई डॉक्टर. पाचव्या वर्षी पियानो शिकायला घातलं. त्याच्या जोडीला बास्केटबॉल. त्यात ती इतकी पुढे गेली की रशियाच्या कनिष्ठ मुलींच्या संघाची कर्णधार झाली, आणि तीही संघातल्या बुटक्या मुलींपैकी एक असून. शाळा संपल्यावर चेंडू आणि गाणं यातलं एक निवडायची वेळ आली. तिने उफाच्या कला महाविद्यालयात गायनाला प्रवेश घेतला. बरोबरीनं गावातल्या रेस्टॉरंटांत गायची. लोक जेवत असतात, प्याले वाजत असतात आणि एका कोपऱ्यात कुणीतरी दुसऱ्यांची गाणी म्हणत असतं. तिथे आवाज कमावता येतो. स्वतःची गाणी ऐकवायला मात्र तिथे कुणी लागत नाही.

तिच्या आयुष्यातला मला सर्वांत जवळचा वाटणारा काळ यानंतरचा. १९९६ च्या सुमाराला ती उफातल्या एका एफएम रेडिओ केंद्रात ध्वनी तंत्रज्ञ म्हणून लागली. दिवसा जाहिराती ध्वनिमुद्रित करायच्या. दुकानांच्या, फर्निचरच्या, गावातल्या सेलच्या. रात्री सगळे घरी गेले की त्याच संगणकावर, त्याच मायक्रोफोनसमोर ती स्वतःची गाणी रचायची. कीबोर्डवर ड्रम, बास, तार एकेक करून बसवायचे, वर आवाज चढवायचा. पहिल्या आल्बममधली कितीतरी गाणी अशी जाहिरातींच्या जागेत, रात्रपाळीत जन्मली.

मी त्या रात्रींचा फार विचार केला आहे, कारण उफाची रात्र मला माहीत आहे. डिसेंबरात पाचच्या सुमारालाच अंधारून येतं. नदी गोठलेली असते. ट्रॉलीबसच्या काचांवर आतून बर्फ धरतं आणि माणसं बोटाने उकरून बाहेर बघायला रुपयाएवढी जागा करतात. शवविच्छेदनाचं जाड पुस्तक मांडीवर घेऊन मीही अशाच रात्री जागवल्या, दुसऱ्यांच्या भाषेत स्वतःचं काहीतरी बसवत. तेव्हा या गावात वीस वर्षांपूर्वी एक मुलगी अशीच जागी होती आणि तिला पुढचं काहीही ठाऊक नव्हतं, याचा मला आधार वाटायचा.

पुढचं घडलं ते १९९८ मध्ये. झेमफिराने गावातलीच मुलं जमवून बँड केला होता. तिची कॅसेट मॉस्कोतल्या मोठ्या रॉक महोत्सवात एका परिचिताच्या हातून ल्योनिद बुर्लाकोव यांच्यापर्यंत पोहोचली. ते ‘मुमी त्रोल’ या व्लादिवोस्तोकच्या बँडचं काम बघायचे. बँडचा गायक इल्या लागुतेंको याने निर्मितीत हात घातला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशियाचं सरकार कर्ज फेडू शकत नाही असं जाहीर झालं होतं. रुबल कोसळला होता, लोकांची बँकेतली शिल्लक पाहता पाहता कागद झाली होती. आणि अशा शरद ऋतूत मोसफिल्मच्या स्टुडिओत उफाहून आलेल्या, कुणीही न ओळखणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. मे १९९९ मध्ये तिचं नुसतं नाव असलेला आल्बम बाजारात आला. उन्हाळा संपेपर्यंत तिची गाणी किऑस्कमधून, टॅक्सीतून, उघड्या खिडक्यांतून ऐकू येऊ लागली. गाण्यांत एड्सचं नाव होतं, हवामानखात्याचा माणूस होता, अग्निबाणही होते. तेव्हाचं रशियन प्रेमगीत असल्या गोष्टींना हात लावत नसे.

रशियन रॉकमध्ये बायका आधी नव्हत्या असं नाही. झान्ना अगुझारोवा होती. सायबेरियाची यांका द्यागिलेवा होती, १९९१ मध्ये फार लहान वयात गेली. पण रशियन रॉक म्हटलं की डोळ्यांपुढे यायचे ते पुरुषच : विक्तोर त्सोय, बरीस ग्रेबेन्शिकोव, यूरी शेव्चुक. यातल्या शेव्चुकचा ‘डीडीटी’ हा बँड १९८० मध्ये उफातच सुरू झाला. तेही गावचेच, आणि ते पुढे पुन्हा येणार आहेत.

मार्च २००० मधला दुसरा आल्बम मला पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. आणि तो मला ज्या वाटेने उमगला ती वाट व्याकरणाची होती.

रशियनमध्ये तीन लिंगं आहेत. ओन, अना, अनो. तो, ती, ते. वर्गातल्या हिंदी भाषक मुलांना तिसऱ्याने छळलं. आमच्याकडे असं काही नसतं, म्हणायची. आम्हा मराठी मुलांना मात्र घरी आल्यासारखं झालं. भूतकाळाचं क्रियापदही लिंग सांगतं. पुरुष म्हणेल ‘इस्काल’, बाई म्हणेल ‘इस्काला’. शोधत होतो, शोधत होते. इंग्रजीत यासाठी ‘मी’ही लागतो आणि तो ‘मी’ कोण हे तरीही कळत नाही. रशियनमध्ये एकट्या क्रियापदात बाई उभी असते, मराठीत असते तशीच. आता त्या आल्बममधल्या गाण्यांची नावं बघा. ‘इस्काला’, म्हणजे शोधत होते. ‘साझ्रेला’, म्हणजे पिकले, तयार झाले. आणि ‘दकाझना’, म्हणजे सिद्ध झालेलं, चक्क नपुंसकलिंगी! पहिल्या दोन्ही नावांतलं ‘ला’ ती असं लांबवते, त्यावर असा जोर देते, की बाईपण सांगणारा तो एवढासा प्रत्यय गाण्याचा कणा होतो. इतकी वर्षं रशियन रॉकमधल्या ‘मी’चं क्रियापद बहुतेकदा पुल्लिंगी होतं. या मुलीने शेवटचं अक्षर बदललं आणि ते ओरडून सांगितलं. हे मला इंग्रजी भाषांतर वाचून कधीच कळलं नसतं. मराठी होती म्हणून कळलं.

त्याच आल्बममधलं ‘खोचेश’ हे गाणं रशियात बहुधा सर्वांना पाठ आहे. खोचेश म्हणजे ‘हवंय का तुला?’ वर्तमानकाळात रशियन क्रियापद लिंग झाकतं, त्यामुळे ती कुणाला विचारतेय ते या शब्दातून कळत नाही. प्रियकराला, मैत्रिणीला, आजारी माणसाला, कुणालाही. ‘हवंय का तुला’ यातही ते कळत नाहीच. तिसऱ्या वर्षी आम्हाला वॉर्डात नेऊ लागले, तेव्हा रुग्णाला विचारायचा प्रश्न पाठ करून घेतला होता : आपल्याला काय त्रास होतोय? बरोबर प्रश्न. पण एका आजीने माझ्याकडे बघून नुसतं तोंड फिरवलं. तिच्या खिडकीत संत्रं होतं, सोलायला बोटं वळत नव्हती. मी विचारलं, ‘खोतीते?’ हवंय का तुम्हाला? त्या गाण्यातही संत्री आहेत. आजींना ते आठवलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी हात पुढे केला, आणि पाच मिनिटांनी मला त्यांचा सगळा इतिहास मिळाला, गेल्या दहा वर्षांतल्या औषधांसकट.

मधली वर्षं मी भरभर सांगते. त्याच २००० साली त्सोयला जाऊन दहा वर्षं झाली म्हणून निघालेल्या आल्बममध्ये तिने त्याचं ‘कुकूश्का’, म्हणजे कोकिळा, हे गाणं म्हटलं, आणि आज अनेकांना ते तिच्याच आवाजात आधी आठवतं. मग तिने दौरे थांबवले आणि २००२ मध्ये ‘१४ आठवड्यांची शांतता’ या नावाचा आल्बम घेऊन परतली. २००४ मध्ये मॉस्को विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला नाव घातलं. ते शिक्षण पुरं झालं नाही, पण देशभर नाव झालेल्या बाईला वर्गात मागच्या बाकावर बसावंसं वाटलं, हे मला आवडतं. २००५ चा ‘वेन्देत्ता’, २००७ चा ‘स्पासीबा’, म्हणजे धन्यवाद. अभिनेत्री-दिग्दर्शिका रेनाता लित्वीनोवा यांच्या चित्रपटांना तिने संगीत दिलं आणि लित्वीनोवांनी तिच्या मैफलीवर चित्रपट केला. वृत्तपत्रांना तिच्या खासगी आयुष्यात जेवढा रस होता तेवढा मला कधी वाटला नाही.

थांबावंसं वाटतं ते पुढे. २००९ मध्ये वडील गेले. २०१० मध्ये मोठा भाऊ पाण्याखाली मासेमारी करताना बुडून गेला. लहानपणी घरात रॉकच्या रेकॉर्ड आल्या त्या या भावामुळे. त्याला जुळे मुलगे होते. २०१३ मध्ये झेमफिराने त्या दोन पुतण्यांना घेऊन छोटा बँड केला आणि त्याला नाव दिलं ‘द उचपोचमाक’.

हे नाव वाचलं तेव्हा मी वसतिगृहाच्या जिन्यातच बसले. उचपोचमाक म्हणजे तातार घरांतला त्रिकोणी पदार्थ. उच म्हणजे तीन, पोचमाक म्हणजे कोपरा. पिठाची पारी, आत मांस, बटाटा, कांदा बारीक चिरून कच्चाच भरायचा, वर मध्यभागी भोक ठेवायचं आणि भट्टीत भाजता भाजता त्या भोकातून थोडा रस्सा सोडायचा. आपा सणाला करून आणायच्या. मी मांस खात नाही म्हणून माझ्यासाठी दोन नुसत्या बटाट्या-कांद्याचे, आणि ओळखू यावेत म्हणून त्यांच्या एका कोपऱ्याला जास्तीची चिमूट. आपल्या करंजीलाही बायका अशी खूण करतात, खवा कुठला आणि सारण कुठलं ते कळायला. भाऊ गेल्यावर जी आत्या त्याच्या पोरांना हाताशी धरते आणि तीन जणांच्या बँडला तीन कोपऱ्यांच्या घरच्या पदार्थाचं नाव देते, तिला मी गाणं न ऐकताही ओळखलं असतं.

२०१३ च्या आल्बमचं नाव ‘तुझ्या डोक्यात राहणं’. त्यातली शांतता मला वडील आणि भाऊ गेल्यानंतरची वाटते. कुणी तसं म्हटलेलं नाही, माझंच ऐकणं आहे.

राजकारणावर ती फार बोलायची नाही. पण आपल्या गाण्यावरचा आपला हक्क तिने सोडला नाही. २०१४ मध्ये सोची ऑलिम्पिकच्या उद्घाटनात तिचं गाणं न विचारता वाजवलं, तेव्हा तिने जाहीरपणे ते चूक आहे असं सांगितलं. २०१५ च्या उन्हाळ्यात तिबिलिसीतल्या मैफलीत श्रोत्यांकडून आलेला युक्रेनचा झेंडा तिने उंचावला. त्याच वर्षी विल्न्यूसमध्ये श्रोत्यांनी तोच झेंडा फडकावला, तेव्हा तिने तो खाली घ्यायला सांगितलं. दोन्ही बाजूंनी तिच्यावर टीका झाली. मी तेव्हा उफात होते. आपा एवढंच म्हणाल्या, ‘दमली असेल.’

मी २०२० मध्ये परत आले. पुण्यात एका खोलीत एफएमजीईचा, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना इथे द्यावी लागणाऱ्या परीक्षेचा अभ्यास करत होते, तीनशे प्रश्न आणि पास व्हायला दीडशे, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा ‘बॉर्डरलाइन’ आला. आठ वर्षांनी. मानसिक आजाराचं नाव, गोळ्यांवरचं गाणं, आणि आवाज पंचेचाळिशीला आलेला. वर चढतो, पण आता जरा जपून. मी तो रोज रात्री ऐकला.

पुढच्या वर्षी, २०२२ च्या फेब्रुवारीत, मी इंटर्न होते. रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा बार्शीतल्या आमच्या ओळखीचा एक मुलगा तिथल्या खारकीवला शिकत होता. तो चार दिवस भूमिगत मेट्रोच्या स्टेशनात होता. त्याची आई आमच्या घरी येऊन बसली. चहा घेतला नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तुझे रशियावाले असं का करतात गं?’

तुझे. मला उत्तर देता येईना. सहा वर्षं ज्यांनी मला खाऊ घातलं, ताप आल्यावर माझ्या छातीला मोहरीची पट्टी बांधली, ती माणसं माझीच होती. आणि तिचा मुलगा रेल्वेच्या रुळांजवळ झोपत होता. मी नुसती तिचा हात धरून बसले.

त्याच आठवड्यात मॉस्कोत झेमफिराचे कार्यक्रम आधीपासून ठरलेले होते. तिथे तिने शेव्चुकचं ‘गोळी झाडू नकोस’ हे गाणं म्हटलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, अफगाणिस्तानातून तरुण मुलांच्या शवपेट्या घरोघरी येत होत्या तेव्हा उफाच्या एका माणसाने लिहिलेलं गाणं, चाळीस वर्षांनी उफाच्याच एका बाईने म्हटलं. तिच्या संकेतस्थळावर बाकी सगळं जाऊन दोन शब्द उरले : युद्ध नको. मार्चमध्ये त्याच गाण्याची चित्रफीत आली, युद्धाची दृश्यं असलेली. मे महिन्यात ‘म्यासा’ हे नवं गाणं. म्यासा म्हणजे मांस. तोवर ती फ्रान्सला गेली होती.

खारकीवचा मुलगा घरी पोचला त्या रात्री मी त्याच्या आईला ती चित्रफीत दाखवली. शब्द तिला कळले नाहीत. मी सांगितले. तिने विचारलं, ‘ही तिकडचीच ना?’ मी म्हटलं, हो, माझ्या गावची.

१० फेब्रुवारी २०२३ रोजी रशियाच्या न्याय मंत्रालयाने झेमफिराला ‘परदेशी हस्तक’ म्हणून जाहीर केलं. हा शिक्का बसलेल्या माणसाने काहीही छापलं, प्रसिद्ध केलं, तरी त्याच्या डोक्यावर तो शिक्का मिरवावा लागतो. बातमी वाचताना मला ओसरीवरचे ते आजोबा आठवले. माणसाला परकं ठरवायला खरंच फार काही लागत नाही. कुणीतरी बसून, शांतपणे तसं म्हणायचं असतं. तिने न्यायालयात दाद मागितली, ती फेटाळली गेली. आता ती रशियाबाहेर गाते, आणि जिथे गाते तिथे रशियन बोलणारी, घर सोडून आलेली माणसं जमतात.

आपा निवृत्त झाल्या आहेत. मी महिन्यातून एकदा त्यांना फोन करते. उफाचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे आहे, त्यामुळे माझा दवाखाना बंद होतो तेव्हा त्यांचं जेवण नुकतंच संपलेलं असतं. फोनवर आम्ही गुडघ्यांबद्दल बोलतो, बर्फाबद्दल, लोणच्यांच्या बरण्यांबद्दल. काही नावं आम्ही घेत नाही. मी विचारत नाही आणि त्या सांगत नाहीत, हे ठरवावं लागलं नाही.

गेल्या खेपेला बोलणं संपत आलं होतं. मी फोन ठेवणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, थांब. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मागे रेडिओ चालू होता, कुणीतरी पुरुष गात होता.

‘कीझीम,’ त्या म्हणाल्या. तातारमध्ये कीझीम म्हणजे माझी लेक. ‘तू नेटवर बघतेस ना सगळं. नाशा बरी दिसते का?’

मी म्हटलं, बरी दिसते आपा. केस कापलेत.

‘आणि तिकडे पॅरिसमध्ये उचपोचमाक मिळत असतील का गं?’